पलंगाचं माप

नवरा परदेशात बेकरीत कामाला. त्याच्याकडे जायचं म्हणून शिवणकाम करणाऱ्या बायकोने तीन वर्षं कागदपत्रांसाठी खेटे घातले, तेव्हा कुठे व्हिसाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. काचेपलीकडच्या अधिकारी बाई लग्नाचे फोटो कोऱ्या चेहऱ्याने चाळत होत्या.

"नवऱ्याशी शेवटचं कधी बोललात?"

"आज सकाळीच. भांडण झालं." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. गेलं सगळं मुसळ केरात!

"कशावरून?"

आता लपवून काय उपयोग? "ह्यांनी लेकीसाठी पलंग आणलाय. कठड्याचा, एवढुस्सा! हे गेले तेव्हा ती रांगत होती, आता चार वर्षांची झालीये. म्हणतात, फोनवर तोंडच दिसतं, उंची कुठे कळते? मी म्हटलं, अहो, पोर काय तुमच्यासाठी वाढायची थांबलीये?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्चीतून उठून, काचेशी वाकून, त्यांनी आईचं बोट धरून उभ्या असलेल्या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग बसून अर्जावर शिक्का मारला.

"त्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी पोहोचेपर्यंत पलंग बदलून आणायला पंधरा दिवस आहेत."