पैलतीराला निघालेली होडी

पेलमसाहेबांनी काढलेला डेबेन नदीचा फोटो चर्चच्या दालनात लागला आणि बघता बघता अख्खं गाव तिथे लोटलं. धुक्यासारखं पांढरं पाणी, त्यात एकच होडी आणि होडीत पाठमोरा बसलेला गावचा म्हातारा नावाडी जेबेझ. खाली नाव होतं, ‘पैलतीराकडे’.

“नदी म्हणजे आयुष्य आणि होडी म्हणजे आत्मा,” पाद्रीबाबांनी उलगडून सांगितलं. “बघा, निघाला जेबेझ. आता मागे वळून बघणार नाही.” बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

जेबेझची बायको केझाया मात्र पुढे सरकली. हिवाळाभर नवऱ्याचा खोकला ऐकून तिच्या जिवाला आधीच घोर लागला होता. तिने फोटोला नाक टेकवून नीट पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला कोपर मारलं.

“काय हो, हा वाकडा खांब आपल्या काठच्या गाळातला ना?”

“मग! अगं, होडी जरा हलली तरी फोटो बिघडतो म्हणे. म्हणून साहेबांनी ओहोटीला वीतभर पाण्यात मुद्दाम होडी गाळात रुतवून बसवलं मला. फोटो झाला घटकेत, पण भरती येईपर्यंत तीन तास अडकलो. बूड गारठलं नुसतं!”

केझाया इतक्या मोठ्यांदा हसली की पाद्रीबाबा दचकले.

“साहेब, एक प्रत मलाही द्या, घरातल्या शेकोटीच्या वर लावते,” ती पेलमसाहेबांकडे वळून म्हणाली. “तुमचा तो होडीतला आत्मा जाऊ दे कुठे जायचा तिकडे. माझा म्हातारा चांगला गाळात रुतलाय, तो काही कुठे जात नाही!”