नमुन्याचे घर

रविवार, महिन्याची चौदा तारीख, सकाळचे साडेदहा. तिसऱ्या मजल्यावरील सात क्रमांकाच्या घरात, टीव्हीच्या खोलीत, प्रेक्षक-सर्वेक्षणास रीतसर प्रारंभ झाला.

निवृत्त मुद्रितशोधकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. छापखान्यातून बाहेर पडल्यापासून त्यांनी टीव्ही वाहिन्यांना, त्यांच्या चुका दाखवणारी एकशे बारा पत्रे पाठवली होती. उत्तर एकाचेही आले नव्हते. सर्वेक्षणात ज्या घराची नमुना म्हणून निवड होते, तेथील मत मोजले जाते, असे त्यांनी वाचले होते. एकदा तरी आपले मत मोजले जावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

समोर सर्वेक्षण करणारी तरुणी बसली होती. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फॉर्म.

"घरात माणसं किती, काका?"

"सध्या दोन. मुलगा परगावी असतो. बदली झाली की तीन."

"मालिका कोणत्या पाहता?"

"पाहत नाही, सोसतो. नुसतं दार उघडलं तरी तीन वेळा वीज कडाडते."

"आणि विनोदी कार्यक्रम?"

"पुरुषाला बाईचे कपडे घातले की झाला ह्यांचा विनोद."

"तोच बघून परवा ठसका लागेपर्यंत हसत होते," आतून बायकोचा आवाज आला. "पाठ मी चोळली."

"मी लेखकाच्या अज्ञानाला हसत होतो," मुद्रितशोधक म्हणाले.

येथवर प्रश्न त्यांच्या अपेक्षेप्रमाणे होते. पुढे मात्र प्रश्नच भरकटले.

"रिमोट कोणाकडे असतो?"

"ज्याच्याकडे विवेक असतो त्याच्याकडे."

"म्हणजे ह्यांच्याकडे," बायको दारात येऊन म्हणाली. "जेवतानासुद्धा ताटाशेजारी."

तरुणीने लिहून घेतले. "तुम्ही बातम्या बघताय, आणि दुसऱ्या कोणाला गाणी हवी असली, तर?"

"दुसरं कोण?"

"कोणीही. घरातलं."

मुद्रितशोधकांनी गोंधळून बायकोकडे पाहिले. "हिला गाणी नको असतात."

"मला विचारलंय कोणी?" बायको म्हणाली.

"आणि सकाळी कोणी मोठ्यानं गाणं लावून आवरत असेल, तर चालेल?"

"बाई, हा प्रश्न फॉर्मात आहे?"

"शेवटच्या पानावर आहे."

उलटा मजकूर वाचण्याची विद्या त्यांच्या धंद्यातच होती. फॉर्म छापील होता, पण शेवटचे पान हाताने लिहिलेले, एवढे त्यांना दिसले; तोच तिने त्यावर तळवा ठेवला. संस्था निष्काळजी दिसते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

"न आवडणारं एखादं गाणं सांगा."

हल्ली दुकानापासून दवाखान्यापर्यंत वाजणारे ते गाणे त्यांनी तत्काळ सांगितले. "एकच ओळ सोळा वेळा. मोजली आहे मी. त्याला गाणं म्हणत नाहीत, अडकलेली तबकडी म्हणतात."

"मला आवडतं ते," तरुणी म्हणाली.

"सर्वेक्षण करणाऱ्यानं मत द्यायचं नसतं."

"माहीत आहे. तरी देते. ओळ एकच आहे, पण गाणारी ती आधी रागानं म्हणते, मग विनवण्या करत, शेवटी स्वतःचीच समजूत घालत. तुम्ही शब्द मोजलेत काका. आवाज ऐकला नाहीत."

बायको जागच्या जागी थबकली. या घरात मुद्रितशोधकांना असे तोंडावर कोणी सांगितले नव्हते.

त्यांनी रिमोट उचलला, टीव्हीवर गाणे शोधून काढले आणि ऐकू लागले. एकेक बोट दुमडत ते मोजत होते. नवव्या वेळेला बोट अर्ध्यात थांबले, ते तसेच राहिले. गाणे संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला.

"नवव्या वेळेला फरक पडतो," ते सावकाश म्हणाले. "माझी नजरचूक झाली. वरचं मत खोडा. 'फेरविचाराधीन' लिहा. धी दीर्घ."

तिने लिहिले, आणि कागद घडी करून पिशवीत ठेवले.

दारात त्यांनी तिला थांबवले. "निवड झाली का, ते कधी कळेल?" आवाज त्यांच्या स्वभावाला न शोभेल इतका खाली गेला होता. "म्हणजे, आमचं घर..."

"आजच ठरेल."

"आज? समिती वगैरे नसते?"

"नाही काका. ठरवायचं मलाच आहे."

काहीच उलगडा न झाल्याने मुद्रितशोधक दाराची कडी धरून उभे राहिले. ती जिना उतरली आणि रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या दुकानामागे गेली. तेथे, वरच्या खिडकीतून दिसणार नाही अशा बेताने, मुद्रितशोधकांचा मुलगा तासाभरापासून उभा होता.

"किती चुका काढल्या बाबांनी?" त्याने विचारले.

"एकच, तीही स्वतःची," ती म्हणाली. "लग्न करू. आणि वेगळं घर शोधू नकोस."