टोपाचा तळ

पहिल्या पंगतीला बसायला मावशींनी साफ नकार दिला.

"गर्दी ओसरू दे. आपण शेवटी बसू."

"मावशी, पोटात कावळे ओरडताहेत," सहलीचा मॅनेजर म्हणाला.

"ओरडू देत. वरवरचं कुणाच्याही हातचं चांगलंच लागतं. टोपाच्या तळाशी काय उरतं ते बघायचंय."

मॅनेजर भिंतीला टेकून उभा राहिला. मावशी सहल कंपनीच्या स्वयंपाकीण. त्यांच्या शेगड्या, टोप आणि मसाल्याचे डबे बसच्या पोटात असत. मुक्काम कुठेही असो, प्रवाशांच्या ताटात घरचंच जेवण पडे. लांबच्या दौऱ्याचं हे शेवटचं शहर. प्रवासी खरेदीला पांगले होते, संध्याकाळी बस परत फिरणार होती. सकाळी मालकांचा फोन आला होता. हॉटेलवाले आता आवारात शेगडी पेटवू देत नाहीत, लोकांनाही जिथलं तिथलं खायचं असतं. बाकी मुक्कामांची सोय झाली आहे, तिथेही एक खाणावळ बघा. मावशींच्या जिभेला पटली तर पुढच्या मोसमापासून स्वयंपाक बंद, जेवण बाहेर. नाही पटली तर चाललंय ते चालू द्या.

म्हणजे मावशींची नोकरी मावशींच्याच जिभेवर ठेवलेली होती.

खाणावळीची खोली लांबट होती. टेबलं दाटीवाटीने मांडलेली, आणि टोकाला उघडी चूल. चुलीपाशी एक धिप्पाड बाई अस्तन्या वर सारून वाढत होती. माणसं येत होती, भरपूर जेवून जात होती. मावशींची नजर टोपावरून हलत नव्हती.

"पाणी ओतत नाहीये," त्या जराशा नाराजीनेच म्हणाल्या.

"कोण?"

"ती. एवढी माणसं आली, टोप निम्म्याखाली गेला, तरी कालवणात वाटीभर पाणी नाही."

शेवटी ताटं आली. भात, माशाचं आंबट कालवण, लसणीवर परतलेला हिरवा पाला. मावशींनी सवयीने उभ्या-उभ्याच कालवणाचा थेंब तळहातावर घेतला आणि चाटला. चुलीपाशची बाई मोठ्याने हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मॅनेजरला ती भाषा मोडकीतोडकी येत होती.

"काय म्हणतेय?"

"चाखायला नाही, जेवायला दिलंय म्हणतेय."

मावशी खाली बसल्या. चुलीवरचं गरम अन्न, तेही बसून, त्यांच्या वाट्याला या दौऱ्यात एकदाही आलं नव्हतं. त्यांनी भात कालवला. आधी तिखट लागलं, आणि ते ओसरतंय तोवर मागून आंबट आलं. हा आंबटपणा चिंचेचा नव्हता, लिंबाचा तर नव्हताच. तळाचा असूनही माशाचा तुकडा अख्खा होता. मावशींनी काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला, दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा.

मॅनेजरने मात्र घास हातातच धरला होता. त्यांचं असं जेवण तो बघत होता.

फोन वाजला. त्याने तो उचलला, हाताने झाकला आणि टेबलावर वाकला.

"मालक आहेत. मावशी, नुसतं 'मीठ जास्त' म्हणा. बाकी मी सांभाळतो. आपल्या बसमधले हेडमास्तर आजोबा तुमच्या हातचं सोडून दुसरं काही खात नाहीत, तेही सांगतो."

"हेडमास्तर? काल बाजारातून आले तेव्हा मिशीला तळणाचं तेल होतं त्यांच्या."

"मावशी, थट्टा नको. फोन चालू आहे."

मावशींनी चुलीकडे पाहिलं. बाई तिथे उभी राहून पुसलेलाच डाव पुन्हा पुसत होती आणि इकडे लक्ष नसल्यासारखं दाखवत होती. प्रवासी जेवत असले की मावशीही दाराआड अशाच उभ्या राहत.

"मीठ बरोबर आहे," मावशी म्हणाल्या.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"मीठ बरोबर आहे, शिजलंय बरोबर, आणि हात सढळ आहे. सांग त्यांना. फक्त म्हाताऱ्यांचं तिखट बेताचं ठेवा म्हणावं."

मॅनेजरने सांगितलं. सांगताना त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. पलीकडून मालक खूश होऊन बराच वेळ बोलत राहिले. फोन ठेवून तो परत बसला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"झालं. आता तुमचं काय, मावशी?"

"तू आधी जेव. गार झालं तर त्यात माझी चूक नाही." मावशींनी बोट वाटीवर टेकवलं. "आणि तिला विचार, हे आंबट कशाचं?"

त्याने विचारलं. बाई आत गेली, हिरवं, मुठीएवढं एक फळ घेऊन आली आणि टेबलावर ठेवून सुरीने त्याचे दोन भाग केले. मावशींनी नखाने गर खरवडला, वास घेतला, जिभेला लावला. त्यांचे डोळे मिटले. मग त्यांनी आतली बी बोटाने सोडवून काढली.

"हे झाड लावलं तर फळ कधी धरतं, विचार."

मॅनेजरने विचारलं.

"आठ-दहा वर्षं लागतात म्हणतेय."

"चालेल," मावशी म्हणाल्या, आणि बी रुमालात बांधली.