चिलखताचे पट्टे

मोरिवलीच्या शेडमध्ये प्रल्हाद परदेशी नाटकवाल्यांसाठी जुन्या युरोपी सरदारांची चिलखतं बनवायचा. पॅकिंगआधी प्रत्येक चिलखत तो स्वतः घालून बघायचा आणि पाठीवरचे पट्टे त्याची बायको कुंदा आवळायची. या वेळचा दोघांमधला अबोला मात्र चौथ्या दिवसावर गेला होता. शेवटी तो नवं चिलखत चढवून, हात वर करून गुपचूप तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

तिनं पट्टे आवळले. "एवढे मोठे सरदार, आणि एकट्याला बांधता येत नव्हतं?"

"त्यांना माणूस लागायचा."

"झालं का टाइट?"

"सैल आहे. परत बांध."

तिनं सोडून पुन्हा बांधले, सावकाश.

या चिलखताचे पट्टे पाठीवर नव्हे, कुशीला होते, त्याच्या हाताशीच. तिनं ते सकाळीच पाहिलं होतं.