मंगळवारचं कात्रण

निवृत्त मुद्रितशोधक गेली तीन वर्षं रोज सकाळी पेपर आणि कात्री घेऊन बसत. ‘झोडपणे’ या एकाच क्रियापदानं त्यांना झपाटलं होतं. पहिल्या पानावर पाऊस शहराला झोडपतो, आतल्या पानावर विरोधक सरकारला, आणि खेळाच्या पानावर सलामीवीर गोलंदाजांना. दिसलं की कापायचं आणि डिंक लावून कार्डावर चिकटवायचं.

या शोधाबद्दल त्यांनी संपादकांना भीतभीत एक पत्रही धाडलं होतं. पाच महिने झाले तरी ते छापून आलं नाही. “आपलं कोण छापणार!” म्हणत त्यांनी वाचकांच्या पत्रांकडे बघणंच सोडून दिलं.

आज जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. “लेका, काय झकास पत्र लिहिलंयस! मंगळवारच्या अंकात. पाहिलंस ना?”

धावतपळत त्यांनी रद्दीतून मंगळवारचा अंक काढला. पत्राच्या जागी चौकोनी भोक होतं. त्याच पानाच्या मागच्या बाजूला खेळाचं पान. त्या दिवशी सलामीवीरानं झोडपलं होतं, आणि ती बातमी त्यांनी स्वतःच्या हातानं कापून घेतली होती.

बायकोनं ते कार्ड शोधून कात्रण नखानं सोडवायचा प्रयत्न केला. “अहो, डिंक मात्र अगदी सढळ हातानं लावलाय हं!”

भोकाखाली पत्राचं शेवटचं वाक्य आणि त्यांचं नाव तेवढं शाबूत होतं.



“खंत एवढीच, की हल्ली पान उलटून बघायची तसदी कुणीच घेत नाही.”