आमचा मारुती

"मॅडम, मारुतीची लाइन बंद करा. खांबावर चढायचंय." मोहोळकडून वायरमन नवनाथचा फोन होता.

वीज कंपनीनं गावोगावचा कारभार उचलून नुकताच सोलापूरच्या एका खोलीत आणला होता. जिल्ह्यातली प्रत्येक लाइन आता राजेश्वरीच्या पडद्यावर होती, आणि देवळाच्या, वस्तीच्या जुन्या नावापुढं प्रत्येकीला लांबलचक नंबर चिकटवला होता. तिनं सवयीनं मारुतीच्या लाइनवर बाण नेला. पण साहेब मागंच उभे होते, म्हणून विचारलं, "नंबर?"

"नंबर कशाला? आमचा मारुती अख्ख्या गावाला म्हाईत हाय की!"

"नंबर सांगा, दादा."

चरफडत तो खांबाजवळ गेला आणि नव्या पाटीवरचा एकेक आकडा वाचू लागला. राजेश्वरीनं नंबर टाकला. पडद्यावर आलेलं गावाचं नाव तिनं दोनदा वाचलं. मग लाइन बंद केली, पुन्हा तपासली आणि म्हणाली, "आता चढा."

काम आटोपल्यावर त्याचा फोन आला. "उतरलो, मॅडम. पर नंबरापायी लई डोकं खाल्लं की तुमी! आमचा मारुती तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

"नाही हो, दादा," ती म्हणाली.

मघाशी तिनं बाण नेला होता ती मारुतीची लाइन अकलूजकडची होती, तिच्या माहेरची. तीच बंद करून ती नवनाथला "चढा" म्हणणार होती. मारुती म्हटलं की तिलाही जन्मापासून तो एकच ठाऊक होता.