उशीतली मोहरी

डॉक्टरबाईंनी कागदावर कवटीची हाडं काढून दाखवली. एक जनुक हाडांच्या पेशींना कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हे सांगतं. माझ्या तान्ह्या लेकीच्या त्या जनुकात दोष होता, म्हणून कवटीचे सांधे वेळेआधीच जुळले आणि डोकं लांबुळकं झालं. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, आता काळजी नव्हती.

"हे वडिलांकडून आलंय," माझ्या डोक्याकडे बघत त्या म्हणाल्या.

आईने पिशवीतून मोहरीची छोटी उशी काढली. नातीसाठी तिने ती मुद्दाम शिवली होती. "ह्याच्या वेळी मी शाळेत शिकवायला जायचे. मोहरीच्या उशीवर निजवलं नाही म्हणून पोराचं डोकं असं झालं, असं माझी नणंद छत्तीस वर्षं ऐकवतेय. हिला तरी उशी देऊ ना?"

"नको, आजी. उशी नव्हती म्हणून काही बिघडलं नाही. असती तरी डोकं असंच झालं असतं."

आईने उशी परत पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "एवढं कागदावर लिहून द्याल? मराठीत."

घरी येऊन तिने उशी उसवली, मोहरी कुटली आणि कैरीचं लोणचं घातलं. पहिली बरणी आत्याकडे गेली, झाकणाला डॉक्टरबाईंची चिठ्ठी बांधून.

आठ दिवसांनी आत्याचा फोन आला. लोणचं झकास झालंय म्हणाली. चिठ्ठीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

"वाचली तिने," आई म्हणाली, आणि स्वतःच्या पानात आणखी एक फोड वाढून घेतली.